बंकरातला मसाला

मानखुर्द,
रविवार, नळाचं पाणी गेल्यानंतर

ती. नीलाताई यांना,

धाकट्या भावजयीचा, कमळचा, मनापासून जय भीम. भाऊजींनाही सांगा, ऐकण्याचं मशीन कानात घातलं असेल तेव्हा.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना आवाज येतो असं तुम्ही म्हणाला होतात. आवाज येतो तोवर तो चालू आहे असं समजा, माझ्या उजव्याने तर बोलणंच टाकलंय. भाऊजींची शुगर खाली आली का? आणि तुमच्या आतल्या खोलीतल्या ओलीचं काम झालं का? मागच्या वर्षी आम्ही चार दिवस यायचं म्हणत होतो तेव्हा ते निघालं होतं, दिवाळीत पण चालू होतं, म्हणून आठवणीने विचारते. इकडे सगळे खुशाल. तुमचे भाऊ खुशाल आहेत, म्हणजे झोपलेले आहेत. घाटकोपरच्या टॉवरवर त्यांची वॉचमनची रातपाळी आहे, त्यामुळे दिवसभर घरात घोरण्याची पाळी असते. हे पत्र मी त्या आवाजातच लिहिते आहे, तेव्हा मध्ये एखादा शब्द राहिला तर तुमच्या भावाला विचारा, मला नको.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण ताई, राग मानू नका, फोनवर तुम्ही मध्ये बोलता. मी एक गोष्ट सुरू केली की तुम्ही तिच्यावर दोन सल्ले देता, आणि मग माझी गोष्ट कुठे होती ते मलाच सापडत नाही. पत्रात ती सोय नाही. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे हात हळू चालतो, पण कोणी अडवत नाही म्हणून लांबेल. चष्मा लावून बसा. पत्र आणि बरणी घेऊन जो तुमच्या दारात आलाय तो निमेश. उंच आहे, एका कानात बाळी आहे, ट्रॉम्बे कोळीवाड्यातला आहे आणि आमच्या क्लबात कॅडी आहे (कॅडी म्हणजे मोठ्या माणसांच्या काठ्यांची बॅग उचलून त्यांच्या मागून चालणारा, आणि बॉल कुठे गेला ते त्यांच्या आधी बघणारा). एका मेंबरसाहेबांच्या गाडीतून पुण्याला येतोय. त्याला पाणी द्या, चहा द्या, पण पत्र वाचून संपेपर्यंत त्याला काही विचारू नका. विचारलंत की तो त्याची बाजू सांगत सुटेल. त्याला बाजू का आहे ते पुढे येईल.

आणखी एक आधीच सांगून टाकते. मला तुमच्याकडून काही नको आहे. दरसाल बुद्धपौर्णिमेच्या आत तुम्हाला वर्षाचा मसाला पोचतो, यंदा जून उजाडला, तर भावजय विसरली असं तुम्ही म्हणाल (म्हणाला असालच), म्हणून हे पत्र. मसाला एकदम स्वच्छ आहे.

तर आता कारण. आमच्या बिल्डिंगची गच्ची तुम्ही बघितली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या कोणीतरी तिथे गोधडी धुतली, पाणी खालच्या घरात उतरलं, आणि सेक्रेटरीने गच्चीला कुलूप लावलं. चावी त्याच्या गळ्यात. आंघोळीला तरी काढतो की नाही देव जाणे. आता मला सांगा, मिरच्या वाळवायच्या कुठे? खाली गटार, समोर रिक्षा, खिडकीतून हात काढला तर समोरच्या बिल्डिंगीतल्या बाईच्या हातात हात. ऊन मुंबईत भरपूर आहे हो, पण ते पडायला जागा नाही. बेडगी आणि लवंगी आणून पंधरा दिवस घरात पडून होती आणि तुमचे भाऊ झोपेत शिंकत होते. शिंकले की कूस बदलायचे आणि परत घोरायचे.

आणि मी रोज कामाला जाते कुठे? तर जिथे ऊनच ऊन आहे तिथे. खाडीच्या अंगाला तो गोल्फचा क्लब आहे. आमच्यासारख्या बिल्डिंगी त्यात किती मावतील ते मोजायचं मी सोडून दिलं, डोकं फिरतं. एवढ्या जागेत माणसं करतात काय, तर लिंबाएवढा बॉल काठीने मारत मारत लांबवरच्या एका भोकात घालतात, आणि घातला की लगेच काढतात. बरं, तो सरळ जावा तर तेही नको. चांगल्या हिरवळीत मुद्दाम खड्डे करून त्यात वाळू भरून ठेवलीय, बॉल त्यात अडकावा म्हणून. त्याला बंकर म्हणतात. आमच्या गल्लीतला खड्डा बुजवायला कोणी येत नाही, आणि तिथे खड्डा खड्ड्यासारखा राहावा म्हणून आम्ही सहा बायका कामाला आहोत. सकाळी दाताळं घेऊन वाळू सारखी करायची, गवत उपटायचं, कडा नीट करायच्या. मी काही हसत नाही, माझी चूल त्या खड्ड्यावर चालते.

मे महिन्यात शेवटच्या होलजवळचा मोठा बंकर दुरुस्तीला काढला. होय, खड्ड्याची दुरुस्ती. जुनी वाळू उपसली, खाली पाण्याचा पाइप टाकायचा होता, तो अर्धाच आला. तेवढ्या अर्ध्यावर नवी पांढरी वाळू टाकली आणि उरलेला अर्धा तसाच कडक, उघडा राहिला. आमचा मुकादम धोंडिराम, त्याने कमिटीच्या सांगण्यावरून अख्ख्या बंकरभोवती चुन्याची जाड रेघ मारून घेतली, म्हणजे खेळणाऱ्यांना कळावं की हा दुरुस्तीत आहे. आणि तो भाचीच्या लग्नाला गावी गेला. ताई, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं? कडक भुई, तीन बाजूंनी वारा अडलेला, भट्टीसारखं ऊन, कोणी खेळायला येत नाही, आणि मुकादम गावी. मी घरून जुनं लुगडं आणलं आणि शनिवारी सकाळी मिरच्या पसरल्या. आमच्या सहा जणींतली शांताबाई म्हणाली, कमळे, नोकरी जाईल हां. दुपारी तिने स्वतःचे धणे आणले. मग निमेशच्या आईची दोन किलो बेडगी आली (ती स्टेशनबाहेर मासळी विकते, तिच्याकडेही जागेची तीच बोंब), आणि मग मी म्हटलं ऊन आहेच तर तीळ आणि खोबऱ्याच्या वाट्याही होऊन जाऊ देत. तिथे चुकलं. मिरचीला मुंगी विचारत नाही, पण खोबऱ्याला क्लबातल्या सगळ्या मुंग्या मेंबर झाल्या.

आता मुंग्यांवर माझ्याकडे एकच औषध. बोरिक पावडर. बिल्डिंगखाली पोरांचा कॅरमबोर्ड असतो, त्यांचा डबा मी मागून आणला (पोरं नव्हती तेव्हा मागितला), आणि लुगड्याच्या चारी बाजूंनी, हातभर अंतर सोडून, चांगली जाड रेघ ओढली. तीन बाजूंची रेघ चुन्याच्या आतून, त्याला लागूनच गेली. चौथी बाजू बंकराच्या बरोब्बर मधून आडवी गेली. मुंग्या थांबल्या. मला बरं वाटलं. एवढी सरळ रेघ मी शाळेतही कधी मारली नव्हती.

आता आमच्या सपनाचं सांगते, म्हणजे मसाल्याचं पुढचं कळेल. ती तिथे सरावाच्या मैदानावर बॉल वेचायला लागली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, असल्या कामाला मुलगी कशाला, उन्हात काळी पडेल. तर ती आधीच माझ्यावर गेलेली आहे, ऊन तिचं काय बिघडवणार? वेचता वेचता पोरगी एखादा मारायला लागली. कोणाची तरी टाकलेली काठी, मूठ उसवलेली, तिला सायकलची ट्यूब गुंडाळून घेतली. मला वाटलं चार दिवसांचं खूळ आहे. पण एक दिवस मी दाताळं टेकवून बघत उभी राहिले. ताई, मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण भाकरी थापणाऱ्या बाईचा हात बसलाय की नाही ते लांबून कळतं ना, तसं कळलं. हात बसलेला होता. मी काही बोलले नाही. बोलले असते तर हात उठला असता.

क्लबात वर्षातून एकदा सोमवारी, मेंबर नसतात तेव्हा, कॅडी आणि कामगारांची स्पर्धा असते. आजवर त्यात पहिल्याला शिलाई मशीन आणि बाकीच्यांना बिर्याणी मिळायची. यंदा कमिटीने नवीन काढलं. पहिल्या दोघांना पुण्याला तीन महिने शिकायला पाठवणार, आणि परत आले की सरावाच्या मैदानावर शिकवायची पक्की नोकरी. म्हणजे जी पोरगी बॉल वेचते ती उभी राहणार आणि दुसरे मारतील ते बघून सांगणार, असं नाही, तसं. मी सपनाला विचारलं, होईल का गं? म्हणाली, बघू ना. पण त्या रात्री तिने जेवताना दोनदा मीठ घेतलं आणि आमटी गोड लागते म्हणाली, तेव्हा मला कळलं की हिला ते किती हवंय.

सोमवारी पहाटे मिरच्या कडकडीत झाल्या. मी आणि शांताबाईने गाठोडं बांधलं, पंपाच्या खोलीत लपवलं, सांडलेल्या चार मिरच्या वेचल्या. रेघ पुसायची राहिली. राहिली म्हणजे काय, माझ्या लक्षातच आली नाही. दोन दिवस एखादी गोष्ट डोळ्यासमोर असली की ती तिथलीच वाटायला लागते, तुमच्या भावाचंही माझं तसंच झालंय.

स्पर्धेत पहिला नंबर एका म्हाताऱ्या कॅडीने जेवणाआधीच मारून टाकला. प्रश्न दुसऱ्याचा राहिला. शेवटच्या होलवर सपना आणि हा निमेश, जो आत्ता तुमच्याकडे चहा पितोय, बरोबरीत आले. आम्ही सहाही बायका कडेला उभ्या. शांताबाई म्हणत होती, सपनाचा बॉल कधी डावीकडे जात नाही, आणि ते बोलणं संपायच्या आत बॉल डावीकडे गेला आणि त्याच बंकरात, कडक अर्ध्यात, जिथे माझं खोबरं होतं तिथेच जाऊन बसला.

रेफरी चंद्रप्रकाश साहेब. रिटायर माणूस, पांढरी टोपी, खिशात नियमांचं पुस्तक, आणि आवाज कधी चढत नाही. त्यांनी बंकर बघितला, बाहेरची रेघ बघितली, मग मधली बघितली आणि धोंडिरामला विचारलं, ही आडवी रेघ कमिटीची आहे का? धोंडिराम सकाळीच गावाहून आलेला, तोंडाला अजून लग्नातला बुंदीचा वास. त्याला त्या रेघेचं काय माहीत असणार? पण मुकादम माणूस, माहीत नाही असं त्याने आजवर स्वतःच्या बायकोलाही सांगितलेलं नाही. म्हणाला, होय साहेब, आपलीच. अर्धा भरून झाला ना, म्हणून आता राहिलेला अर्धाच दुरुस्तीत, त्याला वेगळी रेघ. आणि ते इतकं पटण्यासारखं होतं ताई, की क्षणभर मलाही वाटलं याचंच बरोबर असेल.

मी तर खूशच झाले. दुरुस्तीत बॉल गेला म्हणजे उचलून बाहेर ठेवायला मिळतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी निमेशला म्हटलं, बघ, सुटली माझी पोरगी. तो हसला. म्हणाला, मावशी, कुठे सुटली, अडकली. मग त्याने मला समजावलं, आणि असं समजावलं की मी जन्मात विसरणार नाही. मावशी, म्हणाला, अख्खी बिल्डिंग पाडायला काढली तर काय होतं? बाहेर राहायला ट्रान्झिट कॅम्प, फुकट. पण बिल्डिंग चांगली आहे आणि एकच खोली दुरुस्तीला काढली तर? त्याच घरात दुसऱ्या खोलीत झोपायचं. बाहेर झोपायचं असेल तर भाडं आपलं आपण. तसंच इथे. अख्खा बंकर दुरुस्तीत असेल तर बॉल बाहेर गवतावर, दंड नाही. अर्धाच दुरुस्तीत असेल तर बॉल त्याच बंकरात, दुसऱ्या अर्ध्यात टाकायचा. बाहेर हवा असेल तर दंडाचा एक फटका.

(आणि बाहेर मिळाला तरी होलच्या जवळ नेता येत नाही, जिथे आहे तिथून जवळात जवळची जागा बघायची, पण होलच्या पुढे नाही. हेही बरोबर आहे. नाही तर ट्रान्झिट कॅम्प सगळ्यांनी स्टेशनसमोरच मागितला असता.)

आता दुसरा अर्धा म्हणजे ती नवी भुसभुशीत वाळू. त्यात बॉल टाकला की पिठात अंडं ठेवल्यासारखा निम्मा आत. तिथून पोरीने कसा काढायचा? आणि दंड घेतला तर बरोबरी गेली, बरोबरी गेली तर पुणं गेलं. सपना बंकराच्या कडेला उभी होती, ओठ दाबून, एकदा वाळूकडे आणि एकदा गवताकडे बघत. ती बोलत नाही हेच मला बघवत नाही, ती तुमच्या भावावर गेली आहे त्यात.

मग मी काय केलं ते तुम्हाला माहीत असल्यासारखंच आहे. विचार करायला मला वेळ लागतो आणि ओरडायला लागत नाही. साहेब, ती रेघ माझी आहे! असं मी एवढ्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या होलवरचे बगळे उडाले. धोंडिराम वळला. शांताबाईने माझा पदर ओढला, मग सोडला, मग स्वतःच दोन पावलं मागे सरकली. साहेब शांतपणे म्हणाले, बाई, तुम्ही बंकरात रेघ का मारली? मी म्हटलं, मुंग्या होत्या. मुंग्या का होत्या? खोबरं होतं. खोबरं का होतं? आता ताई, याच्या पुढे एकच उत्तर होतं आणि ते पंपाच्या खोलीत गाठोड्यात बांधलेलं होतं, आणि मुकादमाने आधीच सांगून ठेवलं होतं की मैदानात घरगुती काम केलेलं दिसलं तर गेट बंद. मी सांगितलं. मिरच्या, धणे, तीळ, सगळं. तुमचं नाव पण सांगितलं, की अर्धा मसाला पुण्याला माझ्या नणंदेकडे जातो. का सांगितलं कोण जाणे, सुटलेच होते तर सुटले.

सपनाचं तोंड लाल. आई, जा ना तू इथून, एवढंच म्हणाली.

साहेबांनी लगेच मानलं असं नाही. बरोबरच आहे, आई आपल्या पोरीसाठी काहीही बोलेल. ते खाली वाकले, चुन्याची चिमूट एका हाताने घेतली, माझ्या रेघेची दुसऱ्या हाताने. दोन्ही बोटांत चोळल्या. आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, अरे, ही तर कॅरमची पावडर! हात लावल्या लावल्या ओळखली. तरुणपणी खेळले असणार, माणूस एकदम पोरासारखा दिसायला लागला. पण त्या रेघेत दोन दिवस माझी लवंगी उडत होती, आणि साहेबांनी त्याच हाताने डोळा पुसला. मी नको नको म्हणेपर्यंत दुसराही पुसला.

तरी अजून एक साक्षीदार हवा होता, कारण धोंडिराम ऐकेना, रेघ आमचीच म्हणत होता. (आता तर त्याला मागे फिरताच येईना.) मी निमेशकडे वळले. त्याला सगळं माहीत होतं. शनिवारी आईची बेडगी खांद्यावरून तोच घेऊन आला होता, त्यानेच लुगड्यावर ओतली होती, आणि रविवारी ती खालीवर करायला माझी रेघ ओलांडून तोच आला होता. गप्प राहिला असता तर पुणं त्याचं होतं. बुटाच्या टोकाने गवत उकरत उभा होता. मी म्हटलं, निमेश, तुझ्या आईच्या मिरच्या कुठे वाळल्या रे? त्याचं उकरणं चालूच. मी म्हटलं, वर्षभर जेवताना काय सांगशील, हा मसाला हवेत वाळला? मग म्हणाला, साहेब, मावशी खरं बोलते. आमच्या पण होत्या. आणि मला म्हणाला, मावशी, तू ना, यार, वाट लावलीस माझी.

साहेबांनी वाहत्या डोळ्यांनी निकाल दिला. रेघ कमिटीने मारली तरच ती रेघ, बाकी कोणी मारली तर ती नुसती पावडर. अख्खा बंकर दुरुस्तीत, बॉल बाहेर, दंड नाही. सपनाने काठी आडवी धरून जागा मोजली, गुडघ्याच्या उंचीवरून बॉल सोडला (गुडघ्यावरूनच सोडायचा असतो, ताई, तुमचा चालला असता, आवाज येतो म्हणून काही नाही), आणि मारला. मी बघितलं नाही. मी शांताबाईच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं. आवाजावरून कळलं. बॉल झेंड्याजवळ जाऊन थांबला आणि पुढच्या फटक्यात आत. निमेशला बरोबरीला एक लांबचा घालायचा होता, तो भोकाच्या कडेला जाऊन आत डोकावला आणि बाहेरच राहिला. साहेबांच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या बघून सगळ्यांना वाटलं साहेबांना भरून आलंय. टाळ्या वाजल्या. मी पाण्याची बाटली घेऊन धावले. निमेश जाता जाता म्हणाला, मला सपनाने नाही हरवलं, मुंग्यांनी हरवलं. हीच त्याची बाजू. तेवढीच त्याला सांगू द्या, खरी आहे.

सपना माझ्यापाशी आली. मला वाटलं आता ओरडणार. म्हणाली, आई, मसाला कुठाय आपला? आणि मग हसायला लागली ती थांबेचना, आणि मग रडली, आणि मला म्हणाली मिरची गेली डोळ्यात. असू दे, मिरचीच.

मसाला धोंडिरामने जप्त केला. गाठोड्याला कुलूप, आणि कमिटी बसेल तेव्हा निकाल. कमिटी महिन्यातून एकदा बसते. तोवर पंपाच्या ओल्या खोलीत मिरच्या लोळागोळा झाल्या. शेवटी निकाल लागला. मला कामावर ठेवलं (साहेबांनी माझ्यासाठी दोन शब्द टाकले म्हणतात, डोळे बरे झाल्यावर), मिरच्या परत दिल्या, आणि बंकरापाशी पाटी लावली, इथे काहीही वाळवू नये. अख्ख्या क्लबात मराठीतली ती एकच पाटी आहे आणि ती माझ्यामुळे लागली आहे. मी रोज तिच्यावरची धूळ पुसते. ओल्या मिरच्या मग निमेशच्या आईने नेल्या आणि त्यांच्याकडे बोंबील वाळतात तिथे परत वाळवल्या, मग कांडपवाल्याकडे रांग, असं करत जून आला. हे उशिराचं कारण. एवढं तुम्हाला पटलं तरी मला पुष्कळ.

भाऊजींना नमस्कार. तुमच्या भावाने आत्ताच कूस बदलली, त्यांचाही धरा.

तुमची,
कमळ

ता. क. वर लिहिलंय की मला काही नको आहे. ते खरंच आहे, मला नको आहे, सपनाला हवं आहे. पुण्याला शिकायला जाणाऱ्यांची राहायची सोय आहे, पण ती सगळी पुरुषांची. मुलगी जिंकेल असं कमिटीच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि ते मैदान तुमच्या घरापासून बसने दोन स्टॉप आहे. नियमात काय आहे, जवळात जवळची जागा. पुण्यात सपनाला आत्याहून जवळची जागा नाही. तुम्ही म्हणाल, आतली खोली अजून दुरुस्तीला काढलेली आहे. ताई, म्हणूनच मी तुम्हाला एवढा नियम समजावून सांगितला. अख्खं घर दुरुस्तीत असेल तर गोष्ट वेगळी. एकच खोली असेल तर त्याच घरात दुसऱ्या खोलीत, आणि त्याला दंड नाही. पोरगी स्वयंपाकघरातही झोपेल. भांडी घासेल, भाऊजींचं मशीन शोधून देईल, तुमचा जिना चढेल. तिला मी हे लिहिलेलं माहीत नाही. ती म्हणते, आत्या नाही म्हणेल, मी कुठेतरी बघते. मला तिचं ते कुठेतरी नको आहे.

ता. क. दुसरा. निमेशचा चहा झाला असेल तर त्याला ती आतली खोली एकदा दाखवा. तो नियमाचा माणूस आहे, दुरुस्ती चुन्याची आहे की कॅरमच्या पावडरीची ते बघितल्या बघितल्या सांगेल. आणि उत्तर त्याच्याजवळच द्या. त्याला मी बजावलंय की हो ऐकल्याशिवाय उठायचं नाही. तो म्हणाला, मावशी, माझी सीट गेली ती गेली, पण जिने घेतली ती तरी नीट बसू दे.

ता. क. तिसरा. मसाला एकदम स्वच्छ आहे असं लिहिलं तेव्हा निमेश समोर बसला होता. बोंबलाचा वास थोडा येईल, तो दोन दिवसांत उडतो. आणि कधी दाताखाली कचकच लागली तर घाबरू नका, ती बंकरातली वाळू. बाहेर काढून टाका, दंड नाही. सपना गुरुवारी सकाळच्या बसने निघते.